शिकारीच्या रानांतलीं पिलें

गेल्या श्रावणांत माझ्या पुतण्याचें अमेरिकेहून पत्र आलें. तो मिझुरी राज्यांत एका खेड्याजवळ राहतो, आणि त्याच्या घरामागें शिकाऱ्यांसाठीं राखलेलें मोठें रान आहे. त्या रानाच्या कडेस, कापलेल्या गवतांत, रानटी टर्कीची एक मादी नऊ पिलांसह चरतांना त्यानें पाहिली व तो आंकडा तेथील वन्यजीव खात्यास कळविला. उन्हाळ्यांत दिसलेल्या माद्या आणि पिलें लोकांनीं मोजून कळवावीं, असें तें खातें दरवर्षीं सांगत असतें. एका मादीमागें किती पिलें वांचलीं, यावरून पुढें शिकारीस किती पक्षी मिळतील याचा अदमास बांधतात. पत्राच्या शेवटीं त्यानें विचारलें होतें, "काका, आपल्या नंदुरबारकडे शिकारीचें रान काय थोडें होतें? तिकडे कोणी पिलें मोजलीं का?"

या प्रश्नाच्या मागें लागून जें हातीं आलें, तेंच आज आपणांपुढें ठेवणार आहें.

टर्की हा पक्षी मूळचा आपल्याकडचा नव्हे. १६१२ सालीं मुकर्रबखानानें गोव्याहून जहांगीर बादशहाकडे जे नवलाचे प्राणी नेले त्यांत तो होता, आणि बादशहानें उस्ताद मन्सूरकडून त्याचें चित्र काढवून घेतलें. परंतु त्याचे भाऊबंद आपल्या सातपुड्यांत आणि तापीकांठीं पुष्कळ आहेत: तित्तिर, लावा, चकोत्री, रानकोंबडा, मोर. जमिनीवर घरटें करावें, आणि पिलांनीं अंड्यांतून निघतांच आईमागें धांवूं लागावें, ही या सर्वांची रीत. माळावरचा तणमोर कुळानें निराळा. पण राहणी तीच.

आमचा नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं झाला. त्यापूर्वीं तो धुळ्यांत होता, धुळें पश्चिम खानदेशांत, आणि पश्चिम खानदेश १९०६ पर्यंत अखंड खानदेशांत. या खानदेशांत १८२५ सालीं जेम्स औट्रम हा तरुण अंमलदार भिल्लांची पलटण उभारण्यास आला. भिल्लांचा विश्वास त्यानें पुष्कळसा शिकारीच्या जोरावर मिळविला असें सांगतात. दहा वर्षांत १९१ वाघ, १५ बिबळे, २५ अस्वलें आणि १२ गवे-रेडे त्याच्या शिकारींत पडले, असा हिशेब त्याच्या नांवावर आहे. साहेब लोकांच्या शिकारीचा इतिहास वाचूं लागलें कीं असे आंकडे जागोजाग भेटतात. मेलेलें जनावर मोजणें सोपें; तें हलत नाहीं. जिवंत पिलूं मोजावयाचें तर तासभर बाभळीच्या आडोशाला स्वस्थ बसावें लागतें, आणि तेवढा धीर बंदुकीजवळ क्वचित असतो.

यास एक अपवाद मला सांपडला. जेम्स डेव्हिडसन नांवाचे एक मुलकी अधिकारी खानदेशांत नोकरीस होते. त्यांनीं १८८२ सालीं 'स्ट्रे फेदर्स' या ह्यूमसाहेबांच्या नियतकालिकांत पश्चिम खानदेशच्या पक्ष्यांची एक मोठी यादी छापली. त्यांना अंडीं गोळा करण्याचा छंद होता. आज आपण त्यास नांवें ठेवूं, आणि तीं ठेवावींच. पण अंडीं शोधणाऱ्यास कोणता पक्षी कोणत्या महिन्यांत आणि कोणत्या झुडुपाखालीं बसतो हें ठाऊक असावें लागतें, आणि इतर शिकारी नेमके तेथेंच आंधळे होते. याच डेव्हिडसननीं शहाद्याकडच्या रानांत रानपिंगळा मिळविला होता. १८८४ नंतर तो पक्षी कोणास दिसेना. नामशेष झाला असेंच जग धरून चाललें होतें. २५ नोव्हेंबर १९९७ रोजीं शहाद्याजवळच तो पुन्हां दिसला! पण पिंगळा हा शिकारीचा पक्षी नव्हे, म्हणून ती कथा येथेंच सोडतों.

पिलांची काळजी सरकारास केव्हां पडली? १८८७ सालीं पक्ष्यांच्या रक्षणाचा पहिला कायदा झाला. नगरपालिका व लष्करी छावण्या यांच्या हद्दींत, विणीच्या दिवसांत, ताजा मारलेला पक्षी बाळगण्यास वा विकण्यास बंदी घालण्याची त्यांत सोय होती. म्हणजे बाजारांत तित्तिर सांपडला तर गुन्हा, आणि रानांत मारून तेथेंच शिजविला तर विचारणारा कोणी नाहीं. १९१२ च्या कायद्यानें हें व्यंग कांहींसें दूर झालें. तित्तिर, लावा, रानकोंबडा, मोर, तणमोर अशी नांवनिशी देऊन, प्रांतिक सरकारानें ठरविलेल्या बंद काळांत त्यांस मारणेंच बेकायदा ठरूं लागलें. पुढें १९५१ चा मुंबई राज्याचा कायदा आला, १९७२ चा सर्व देशाचा आला, आणि १९९१ च्या दुरुस्तीनें शिकारीचें दार जवळजवळ बंदच झालें.

तणमोराच्या बाबतींत मात्र बंद काळ ही कल्पनाच उशिरा सुचली. हा पक्षी एरव्हीं गवतांत असा दडतो कीं पायाखालीं येईतों दिसत नाहीं. पावसाळ्यांत नराच्या अंगावर काळापांढरा साज चढतो, आणि मादीचें लक्ष वेधण्यासाठीं तो गवताच्या वर उसळ्या घेतो. पुरुषभर उंच उसळी, दिवसांतून शेंकडों वेळां. शिकाऱ्यास आणखी काय हवें? लग्नाच्या मांडवांतच नवरदेव टिपावा, तसा हा प्रकार पश्चिम हिंदुस्थानांतील माळांवर वर्षानुवर्षें चालला. नर पडला कीं त्या गवतांत त्या वर्षीं पिलें कोठून येणार? पुढें माळ नांगराखालीं गेले आणि उरलेसुरलेही आटोपले. नर्मदेपलीकडे सैलाना आणि सरदारपूर येथें १९८३ सालीं तणमोरासाठीं अभयारण्यें केलीं. तरी २०२१ सालीं त्याची गणना नामशेष होण्याच्या अगदीं कांठावरच्या जातींत झाली. मीं आयुष्यभर शहादा-तळोदा भागांत मास्तरकी केली, पावसाळ्यांत मैलोगणती पायीं हिंडलों. तणमोर मला एकदांही दिसला नाहीं.

टर्कीवरही हीच वेळ आली होती. बेसुमार शिकार आणि जंगलतोड यांमुळें १९२० च्या सुमारास अमेरिकेंतील ३९ राज्यांपैकीं १८ राज्यांतून ती नाहींशी झाली. १९३७ सालीं तेथें बंदुका व काडतुसें यांवरील कराचें उत्पन्न वन्य प्राण्यांच्या रक्षणास लावून देणारा कायदा झाला. प्रथम खुराड्यांत वाढविलेलीं पिलें रानांत सोडून पाहिलीं, तीं जगेनात. मग रानांतलेच पक्षी जाळीनें धरून दुसऱ्या रानांत नेऊन सोडूं लागले, तेव्हां कोठें तें साधलें.

हें वाचतांना मला माझीच एक चूक आठवली. तळोदा तालुक्यांत असतांना एका भिल्ल विद्यार्थ्यानें टोपींत घालून तित्तिराचीं चार पिलें वर्गांत आणलीं. बदामी अंगावर गडद पट्टे, अंगठ्याएवढीं. परत नेऊन ठेव, असें मीं म्हणावयास हवें होतें. तें न करतां मुलांस सृष्टिज्ञान शिकविण्याच्या उत्साहांत मीं त्यांस खडूच्या खोक्यांत ठेवलें आणि ज्वारीच्या कण्या घातल्या. तिसऱ्या दिवशीं चारही मेलीं. मुलाचा आजा बाजारास आला असतां शाळेंत डोकावला. खोकें पाहून तो म्हणाला, "गुरुजी, एवढ्या पिलाला दाणा कुठला? त्याला उधई लागते." उधई म्हणजे वाळवी. पहिले कांहीं आठवडे हीं पिलें किड्यांवरच वाढतात हें मीं नंतर पुस्तकांत वाचलें. त्या म्हाताऱ्यास तें पुस्तकावांचून ठाऊक होतें. पिलें कोठें दिसतात हेंही मला त्यानेंच सांगितलें. रात्रभर पाऊस पडून सकाळीं उघडीप झाली कीं गवत ओलें असतें. तेव्हां मादी पिलांस घेऊन गाडीवाटेवर अंग सुकवावयास येते. आपण उभ्या जागीं थिजावें. तिनें एकदां हलकेंच इशारा केला कीं पिलें मातींत मिसळून जातात. मग पाऊल टाकूं नये, तें एखाद्या पिलावर पडावयाचें.

गेल्या पावसाळ्यांत मीं तसें केलें. गांवच्या गायरानाच्या बांधाशीं तित्तिराचें जोडपें आणि आठ पिलें दिसलीं. पंधरवड्यानें तीं पांच होतीं. कार्तिकांत गवत कापलें तेव्हां तीन उरलीं होतीं. तिन्ही चांगलीं उडत होतीं आणि संध्याकाळीं बाभळीवर बसत होतीं. गवत कापणाऱ्या बाईनें मला एका झुडुपाशीं लावलेला फांस आणून दाखविला. तो कोणाचा, हें तिनें सांगितलें नाहीं, मींही विचारलें नाहीं.

हे आंकडे मीं पुतण्यास लिहून धाडले. तुम्हीं ते तिकडे कोणत्या खात्यास कळविले, असें त्यानें उलट टपालीं विचारलें आहे. त्या पत्राचें उत्तर अजून लिहावयाचें आहे.