साती आसरा

साती आसरा हा महाराष्ट्राच्या लोकधर्मातील सात जलदेवतांचा समूह आहे. विहीर, नदीचा डोह, तलाव, झरा अशा पाण्याच्या ठिकाणी त्यांचा वास असतो, असे मानले जाते. ‘आसरा’ हा शब्द संस्कृत ‘अप्सरा’ या शब्दापासून प्राकृत ‘अच्छरा’मार्गे आला आहे. ‘परी’ हा शब्द मात्र मूळ फारसी आहे. पंख असलेली परी मराठीत मुख्यतः कथांमधून परिचित आहे. आसरांची प्रत्यक्ष पूजा होते.

नावे व स्वरूप

मत्स्यी, कूर्मी, कर्करी, दर्दुरी, जतुपी, सोमपा आणि मकरी अशी त्यांची नावे सांगितली जातात. त्यांतील बहुतेक नावे मासा, कासव, खेकडा, बेडूक, मगर अशा जलचरांवरून आलेली आहेत. व्यवहारात या देवतांचा उल्लेख एकेकटीच्या नावाने क्वचितच होतो; त्या सात बहिणी म्हणून एकत्रच पूजल्या जातात. मावळ भागात त्यांना ‘मावलाया’ असेही म्हणतात. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी ‘मिथ अँड रिअॅलिटी’ (१९६२) या ग्रंथात या मातृदेवतांची चर्चा केली आहे.

स्थान व पूजा

आसरांना बहुधा मंदिर नसते. पाण्याच्या काठी ओळीने मांडलेले, शेंदूर लावलेले सात तांदळे हेच त्यांचे ठाणे होय. अनेक ठिकाणी जवळच म्हसोबाचा तांदळा असतो. हळद-कुंकू, हिरव्या बांगड्या, खण, नारळ आणि दहीभात त्यांना वाहतात.

बुलढाणा जिल्ह्यातील सुलतानपूर हे गाव लोणार तालुक्यात आहे. याच तालुक्यातील लोणार सरोवराच्या काठी कमळजा देवीचे मंदिर आहे. कमळजा ही स्वतंत्र देवी असून तिची गणना आसरांमध्ये होत नाही. तथापि पाण्याच्या काठी स्त्रीदेवतेची स्थापना करण्याची प्रथा दोन्हींकडे समान आहे.

लोकसमजुती

आसरा प्रसन्न झाल्यास पाणी व संतती देतात आणि कोपल्यास माणसाला पाण्यात ओढतात, अशी समजूत आहे. भर दुपारी किंवा तिन्हीसांजेला एकट्या स्त्रीने, विशेषतः गर्भवती वा बाळंतिणीने, पाणवठ्यावर जाऊ नये, असा संकेत त्यातूनच रूढ झाला. निसरड्या काठाच्या, कठडा नसलेल्या विहिरींच्या काळात या संकेताचा व्यावहारिक उपयोगही होता.

या श्रद्धेची दुसरी बाजू हानिकारक ठरते. बाळंतिणीचा ताप, झटके किंवा मानसिक आजार ‘आसरांची बाधा’ समजला गेला, तर वैद्यकीय उपचारांना विलंब होतो. बाधा उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे. पाणवठ्यावरील साध्या पूजेस मात्र हा कायदा प्रतिबंध करत नाही.