कौटिलीय अर्थशास्त्रांतील कारागिरांची मजुरी व घट

(१) जुन्या मजुरीचा विचार निघाला म्हणजे रोज किती आणे पडत, एवढाच प्रश्न बहुधा पुढें येतो. चाकरीस ठेवलेल्या मनुष्यापुरता तो योग्य आहे. परंतु जो कारागीर स्वतःच्या हत्यारांनीं गिऱ्हाइकाच्या मालावर काम करतो, त्याची प्राप्ति रोजाच्या मापानें मोजतां येत नाहीं. अशा स्वतंत्र कारागिराचे दर कौटिलीय अर्थशास्त्रांत सविस्तर आले आहेत. ते शेजारच्या घटीसह व दंडासह वाचले तरच त्यांचा अर्थ लागतो, हें दाखविणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

(२) या ग्रंथाची संहिता शामशास्त्री यांनीं म्हैसुराहून १९०९ सालीं प्रथम प्रसिद्ध केली, पुढें प्रा. कंगले यांची चिकित्सक आवृत्ति १९६० ते १९६५ या काळांत मुंबई विद्यापीठानें तीन भागांत काढली. ग्रंथाच्या काळाविषयीं मतभेद आहेत, म्हणून खालील आंकडे मौर्यांच्या दफ्तरांतील प्रत्यक्ष हिशेब न समजतां शास्त्रकारानें घालून दिलेले नियम समजावे. नाण्याचें कोष्टक असें: १६ माषकांचा १ पण व ४ काकणींचा १ माषक; म्हणजे पणाच्या ६४ काकणी. १६ आणे व ६४ पैसे यांचा रुपया ज्यांच्या हिशेबी कागदांत नित्य येतो, त्यांस हें ध्यानांत ठेवणें सोपें आहे.

(३) मुख्य दर ‘कंटकशोधन’ या चौथ्या अधिकरणाच्या पहिल्या अध्यायांत आहेत. विणावळ सुताच्या किंमतीइतकी. क्षौम व कौशेय वस्त्रांस दीडपट. पत्रोर्ण, कांबळें व दुकूल यांस दुप्पट. धुणावळ उंची वस्त्रास १ पण, मध्यमास अर्धा, हलक्यास पाव, जाड्याभरड्यास १ ते २ माषक; रंगीत वस्त्रास दुप्पट. रुप्याच्या घडणावळीस धरणामागें १ माषक, व विशेष कसब असल्यास दुप्पट. तांब्याच्या कामास शेंकडा ५. शिसें व कथील यांस पलामागें १ काकणी, लोखंडास २ काकणी.

(४) आतां घट पाहूं. धातु घडतांना तूट येणारच, हें शास्त्रकार जाणतो. म्हणून तांब्यास दहावा, शिसें-कथलास विसावा व लोखंडास पांचवा हिस्सा तूट तो मान्य करतो. त्यापलीकडे वजन कमी भरल्यास तुटीच्या दुप्पट दंड. साळ्यानें १० पल सूत घेतलें तर ११ पल कापड परत द्यावें; खळीनें वाढणारें वजन येथें गृहीत धरलेलें दिसतें. मापांत कमी आल्यास तितकी मजुरी कापून वर दुप्पट दंड, वजनांत कमी आल्यास चौपट. परटानें लांकडी फळी किंवा गुळगुळीत शिळा सोडून अन्यत्र कपडा आपटला तर नुकसानभरपाई व ६ पण दंड. गिऱ्हाइकाचा कपडा विकला, भाड्यानें दिला किंवा गहाण टाकला तर १२ पण. हलक्या वस्त्रास पाव पण घेणाऱ्याची ४८ वस्त्रांची धुणावळ या एका दंडांत जाते. कामास मुदत होती; ती टळली तर चौथाई मजुरी कापून वर दंड.

(५) कारागिराच्या बाजूनें कांहींच नव्हतें, असें मात्र नाहीं. तिसऱ्या अधिकरणाच्या तेराव्या अध्यायाप्रमाणें मजुरी न देणाऱ्यास दहावा हिस्सा अथवा ६ पण दंड आहे. दर ठरला नसेल तर नांगऱ्यास पिकाचा व गुराख्यास तुपाचा दहावा हिस्सा. कारागिरास मात्र त्याच्यासारखा दुसरा जें घेतो तें, अथवा जाणकार ठरवितील तें. परंतु कारागिरांनीं एकजूट करून कामाचा कस उतरविला किंवा आपली प्राप्ति वाढविली, तर १,००० पण दंड. याच ग्रंथांत सरकारी चाकरींतील कारागिराचें वेतन १२० पण आहे. तें वार्षिक धरल्यास आठ वर्षांच्या वेतनाहूनहि हा दंड मोठा होतो. माल अडवून ठेवणाऱ्या व्यापाऱ्यांच्या जुटीसहि हाच दंड आहे, हें सांगणें न्यायाचें होईल.

(६) येथें मुख्य मुद्दा येतो. चौथ्या अधिकरणाच्या पहिल्या अध्यायाच्या आरंभीं, श्रेणीचा आधार असलेल्या कारागिरांनीं गिऱ्हाइकाची ठेव घ्यावी व ती बुडाल्यास श्रेणीनें भरावी, असें सांगितलें आहे. म्हणजे श्रेणी जामीन म्हणून हवी, दर मागणारी म्हणून नको. श्रेणीची ही पत केवळ ग्रंथांतली नव्हे. नाशिकच्या दहाव्या लेण्यांत नहपानाचा जांवई उषवदात यानें गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या श्रेणीकडे २,००० कार्षापण दरमहा शेंकडा १ व्याजानें ठेवल्याचा लेख आहे. वर्षाचें व्याज २४० होतें, व लेखांत २० भिक्षूंस प्रत्येकीं १२ प्रमाणें वस्त्राची नेमणूक आहे; हिशेब चोख जुळतो. ज्यांच्या हातीं एवढी रक्कम निर्धास्तपणें सोंपविली जाई, त्यांच्याच व्यवसायबंधूंस मिळून दर वाढविण्याची शास्त्राची मोकळीक नव्हती.

(७) तेव्हां एकटा दर पाहून कारागीर सुखी होता कीं दरिद्री होता हें ठरवूं नये. तूट कोणाच्या माथीं बसे, मुदत कोण ठरवी व तंटा कोण तोडी, हे प्रश्न दराइतकेच महत्त्वाचे आहेत. ‘घडणावळ’ व ‘घट’ हे शब्द सोनाराच्या दुकानांत अद्यापि एकत्रच ऐकूं येतात. सोनार, साळी, तांबट यांचे जुने हिशेब ज्यांच्या संग्रहीं असतील, त्यांनीं मजुरीचा आंकडा उतरून घेतांना त्याशेजारील घटीचा आंकडाहि सोडूं नये. तो सुटला तर मजुरीचा आंकडा हातीं राहील, पण कारागिराच्या घरांत त्यांतलें किती पोंचलें हें कळणार नाहीं.