बेदरचा काळा रंग

गोव्यातल्या जुन्या घरांत बेदरचं नाव प्रथम ऐकू येतं ते कीर्तनात. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठारं रयतेला खुली केली, आणि विठोबा महाराचं रूप घेऊन धान्याचे पैसे भरायला बेदरच्या पातशहाकडे गेला. ही कथा ऐकली नाही असा आपल्या पिढीतला माणूस विरळा. (सरकारी नोकराला तर ती जरा जास्तच आवडते. ऑडिटच्या वेळी असा विठू महार कोणाला नको आहे?) पण हे बेदर म्हणजे आजच्या कर्नाटकातलं बीदर, आणि गोव्याशी त्याचा संबंध कीर्तनापुरता नाही, हे सहसा कोणी सांगत नाही.

बहमनी सुलतानांची पहिली राजधानी गुलबर्गा, म्हणजे 2014 पासूनचं कलबुरगी. तिथल्या किल्ल्यातली 1367 सालची जामा मशीद पाहण्यासारखी आहे. मधे उघडं अंगण नाही, वरून सगळं छप्पर, आणि आत नक्षी जवळजवळ नाहीच. नुसत्या कमानींमागून कमानी. पुढे पंधराव्या शतकात अहमदशहा वलीने राजधानी बेदरला हलवली आणि तिथे चित्र एकदम पालटलं. इराणातून माणसं आली, त्यांच्याबरोबर फरशा, रंग आणि नक्षीचा सोस आला. त्यांतलाच एक महमूद गवान. 1472 मध्ये याच वजिराने विजयनगरकडून गोवा घेतला, आणि त्याच साली बेदरला त्याचा मदरसा पुरा झाला. म्हणजे 1510 मध्ये पोर्तुगीज येईपर्यंतची गोव्याची जी अडतीस वर्षं आपण घाईघाईने उरकतो, त्यांची सुरुवात बेदरहून झालेली आहे. मदरशाच्या दर्शनी भिंतीवर निळ्या, पांढऱ्या, हिरव्या चकचकीत फरशा होत्या. सतराव्या शतकाच्या शेवटी औरंगजेबाच्या अमलात स्फोट होऊन दर्शनी बाजूचा मोठा भाग आणि एक मनोरा कोसळला. उरलेल्या मनोऱ्यावर त्या फरशांचे नागमोडी पट्टे अजून दिसतात.

पण मला सांगायचं आहे ते बाहेरच्या फरशांबद्दल नाही, आतल्या सजावटीबद्दल.

बेदरच्या किल्ल्यात रंगीन महाल आहे. आजचं त्याचं रूप बरीदशाहीतल्या अली बरीदच्या काळचं, म्हणजे सोळाव्या शतकाच्या मध्यानंतरचं. महाल फार मोठा नाही. बाहेरच्या दालनात कोरीव लाकडी खांब, आणि आतल्या खोलीच्या दाराशी काळ्याकुळकुळीत दगडात शिंपल्याचं जडावकाम. मोती ज्या शिंपल्यात होतो त्याच्या आतला चकाकणारा थर कापून, दगडात खाचा कोरून त्यात बसवलेला. वेली, फुलं आणि फारसी ओळी, सगळं शिंपल्यात. उजेड बदलला की अक्षरांचा रंग बदलतो, कधी गुलाबी, कधी हिरवट. शिंपल्यांचं आपल्याला काय अप्रूप, जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांच्या चकत्या आपणही लावल्या. पण आपण त्यातून उजेड गाळून घेतला, बेदरच्या कारागिराने तो काळ्यावर उठवला.

हे जडावकाम पुन्हा उभं करणं भयंकर कठीण. शिंपला म्हणजे शेवटी चुनाच. कुठलंही आम्ल लागलं की तो विरघळतो, चमक जाते आणि पांढुरकं, मेलेलं असं काहीतरी उरतं. निखळलेला तुकडा नव्याने कापून बसवता येईल, पण शेजारच्या जुन्या तुकड्याची झाक त्याला कुठून आणणार? निजामाच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गुलाम याजदानी यांनी या वास्तूंची बारकाईने नोंद केली. 1947 मध्ये त्यांचा बेदरवरचा मोठा ग्रंथ आला. माझ्या मते अशा ठिकाणी नोंद हीच पहिली दुरुस्ती. काय होतं हे एकदा लिहून ठेवलं की पुढच्याला मनचं काही घुसडायला जरा लाज वाटते.

काळ्यावर पांढरं उठवण्याची हीच आवड बेदरच्या दुसऱ्या कामात आहे. ते बिदरी काम. ते आपल्याकडे बऱ्याच घरांत असतं, निदान लग्नात आलेली एखादी फुलदाणी किंवा डबी तरी. आणि इथे मात्र दुरुस्तीचा न्याय अगदी उलटा आहे.

बिदरीची भांडी चांदीची नव्हेत, पोलादाची तर नव्हेतच. ती जस्ताची. साधारण सोळा भाग जस्त आणि एक भाग तांबं. मातीच्या साच्यात ओतून घेतात, कानशीने घासतात, मग मोरचुदाचं पाणी चोळतात. त्याने धातू तात्पुरता काळवंडतो आणि छिन्नीने ओढलेली रेघ स्वच्छ पांढरी दिसते. नक्षी हातानेच, नजरेच्या अंदाजाने काढतात. त्या खाचांत चांदीची तार ठोकून बसवली की ते तारकशी, पत्रा बसवला की तहनिशान. पुन्हा सगळं घासून गुळगुळीत करतात. या वेळी भांडं दिसायला अगदीच गरीब असतं, करड्यावर पांढरं, नक्षी धड ओळखूही येत नाही. शेवटी बेदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर पाण्यात कालवून तापवतात आणि भांड्याला चोळतात. जस्त काळंभोर होतं, चांदी जशीच्या तशी राहते.

माती कुठलीही चालत नाही. किल्ल्यात जिथे वर्षानुवर्षं ऊन-पाऊस लागलेला नाही तिथली माती घेतात, आणि कारागीर ती जिभेवर ठेवून चव घेऊन पारखतात. यात जादू नाही, अशा जुन्या आडोशाच्या मातीत सोऱ्यासारखे क्षार साठतात. तांब्याचंही तसंच. नुसत्या जस्तावर हा रंग धरत नाही, ते थोडंसं तांबं लागतंच. रसायनशास्त्र न शिकलेल्या माणसांनी हे चारशे वर्षांपूर्वी जमवलं होतं. परंपरा ही कला बहमनी काळातल्या इराणी कारागिरापर्यंत नेते, पण आज हाती असलेल्या सर्वांत जुन्या वस्तू सतराव्या शतकातल्या आहेत.

आणि त्यांत भरणा कशाचा? हुक्क्याच्या बुडांचा! आता गंमत पहा. तंबाखू हिंदुस्थानात आणला पोर्तुगीजांनी. विजापूरच्या दरबारात तो पोचला आणि तिथून 1604 च्या सुमारास असद बेगने अकबराला नेऊन दिला. पुढे हुक्का घरोघरी गेला आणि बेदरच्या कारागिराला शेदोनशे वर्षं पुरेल एवढं काम मिळालं. पश्चिम किनाऱ्यावर जहाजातून उतरलेल्या एका पानाने घाटापलीकडची एक कला पोसली.

आता दुरुस्तीचं. जुन्या इंग्रजी गाड्यांची हौस असलेली माणसं आपल्याकडे आहेत. त्यांचा नेहमीचा वाद असतो की डॅशबोर्डवरचं अक्रोडाचं लाकूड नव्याने पॉलिश करावं की तडे गेलेलं तसंच ठेवावं. ते लाकूड म्हणजे जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा पापुद्रा, पॉलिश पेपर जरा जास्त फिरला की खालचं साधं लाकूड वर येतं आणि गाडीचा आतला सगळा थाट गेला. बिदरीचा काळा रंग त्याहून पातळ आहे. पण फरक असा की तो परत चढवता येतो. भांडं बेदरला नेलं तर त्याच मातीने, त्याच रीतीने कारागीर ते पुन्हा काळं करून देतो. म्हणून बिदरीच्या बाबतीत 'मूळ रंग जपा' हा हट्ट मला तितकासा पटत नाही. संग्रहालयातली वस्तू सोडा, तिला कोणी हात लावू नये. घरातल्या वापराच्या वस्तूचा रंग मात्र उडणारच, आणि तो पुन्हा चढवणं हे त्या वस्तूच्या आयुष्यातच धरलेलं आहे, घराला दरवर्षी चुना काढावा तसं.

धोका आहे तो आपल्या स्वयंपाकघरात. चतुर्थी जवळ आली की समया, घंगाळं, तांब्ये बाहेर निघतात आणि चिंच किंवा बिमलां घेऊन घासाघाशी सुरू होते. त्या ढिगात बिदरीची डबी गेली की संपलं. आंबटाने काळा रंग उतरतो आणि खालचं जस्त उघडं पडतं. चांदी साफ करायची बाजारातली पॉलिशंही तेच करतात. चांदी लखलखते, पण ती उठून दिसायला मागे काळं उरतच नाही. मग ती डबी 'खराब झाली' म्हणून माळ्यावर जाते आणि पुढच्या साफसफाईत भंगारवाल्याकडे. जस्ताला भंगारात काय भाव मिळणार!

बिदरीला 2006 मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. 2023 मध्ये बेदरचे कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री मिळाली. चांगलंच झालं. पण जुनी भांडी दुरुस्तीला येत राहिली तर कारागिराच्या मुलाच्या हातालाही काम राहतं, हा हिशेब त्याहून साधा आहे. गोव्याहून बेदर लांब पडतं हे खरं, पण हैदराबादला किंवा उदगीरकडे जाणं झालं तर वाट फारशी वाकडी होत नाही. उदगीर तर 1956 पर्यंत बेदर जिल्ह्यातच होतं. भालकी, औराद, बसवकल्याणच्या बाजूला आजही मराठी बोलणारे भरपूर भेटतात, भाषेची अडचण येत नाही.

तोपर्यंत घरच्या घरी एवढंच करावं. मऊ सुती फडक्याने धूळ पुसावी, बोटावर खोबरेल तेलाचा एक थेंब घेऊन काळ्या भागावर हलकेच फिरवावा आणि कोरड्या फडक्याने टिपून घ्यावा. फुलदाणीत पाणी घालून फुलं ठेवू नयेत. एखादी तार निखळलेली दिसली तर ती जागा गोंदाने भरू नका. तार सापडली तर कागदाच्या पुडीत बांधून डबीतच ठेवा, कारागिराला ती लागते.