पिशवीचा प्रश्न चव्हाट्यावर कसा आला

मंडळी, आपल्या जिल्ह्यात "पिशवी काढली" हे वाक्य बायका चहा पिता पिता बोलतात. मीही ते कितीदा ऐकलं असेल. बातमी म्हणून कधी सुचलं नाही, ही माझी चूक.

आधी २०१० कडे जाऊ. साताऱ्याच्या अ‍ॅड. वर्षा देशपांडे यांच्या लेक लाडकी अभियानानं परळीत स्टिंग केलं. गर्भलिंग निदान उघड झालं, तरी दुकान सुरूच राहिलं. पुढच्याच वर्षी जनगणनेचा आकडा आला : बीडमध्ये हजार मुलांमागे ८०७ मुली, राज्यात सगळ्यात कमी. २०१२ मध्ये परळीत गर्भपातादरम्यान एक बाई दगावली, तेव्हा कुठं यंत्रणा हलली. त्या डॉक्टर दांपत्याला १० वर्षांची शिक्षा झाली ती २०१९ मध्ये.

आणि त्याच २०१९ च्या एप्रिलात ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्यांचा विषय देशभर गाजला. खरं तर गावोगाव फिरणाऱ्या मनीषा तोकले यांच्यासारख्या बीडच्या कार्यकर्त्या हे आधीपासून सांगत होत्या. पण एकटीदुकटीचं कोण ऐकतो? यावेळी महिला किसान अधिकार मंच म्हणजे मकाम, जन आरोग्य अभियान, स्थानिक संघटना असे सगळे एकदम बोलले. राष्ट्रीय महिला आयोगानं मुख्य सचिवांना नोटीस काढली. जूनमध्ये आरोग्यमंत्र्यांनी विधिमंडळात सांगितलं, तीन वर्षांत जिल्ह्यातल्या ९९ खासगी दवाखान्यांत ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्या. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी झालेल्या ८२,३०९ बायांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे सहांतली एक.

सगळा दोष डॉक्टरांवर टाकून मोकळं होणाऱ्यांना माझं एकच सांगणं, कोयत्याचा हिशोब बघा. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली. एक दिवस पडला की खाडा, त्याचे पैसे कापले जातात. फडावर ना संडास, ना न्हाणी, ना पाळीच्या दिवसांत टेकायला जागा. अंगावरून पांढरं जातंय म्हणून दवाखान्यात गेलेल्या बाईला कुणी "कॅन्सर होईल" म्हटलं, की ती स्वतःच म्हणते, "काढून टाका." तिशीतच. मग कंबर, गुडघे, घाम, चिडचिड. उचल मात्र तशीच.

या दबावातून एक ठोस गोष्ट निघाली. खासगी दवाखान्याला पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली. दिसायला साधा कागद, पण त्यामुळं दुसऱ्या डॉक्टरच्या नजरेखालून केस जाते. तोडीला जाण्याआधी आणि आल्यावर तपासणी व्हावी, हीसुद्धा मागणी पुढं आली.

पण परवानगीचा कागद बीडपुरता. टोळी सांगली, कोल्हापूर, कर्नाटकात असते तेव्हा तिथं कोण विचारतं? आणि फडावरचा संडास? तो तर कुणाच्याच खात्यात नाही. कारखाना म्हणतो मुकादमाचे मजूर, मुकादम म्हणतो कारखान्याचा ऊस.

दसरा झाला की टोळ्यांच्या गाड्या भरू लागतील. तुमच्या गावात त्याआधी बायांची तपासणी होते का, झाली तर कार्ड हातात मिळतं का, एवढं मला कळवा. गावाचं नाव टाका, बाईचं नको.