पाटीवरचं साल आणि लाकडातलं साल

२०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मी लेकीकडे सेंट लुईसला होते, तेव्हाची ही गोष्ट. ‘अमेरिकेत जुनं असं काय बघितलंस?’ असं नागपूरच्या वन्संनी विचारलं होतं, त्याचं हे उत्तर. जरा उशिराच देते आहे!

सेंट लुईसपासून सुमारे शंभर किलोमीटर दक्षिणेला मिसिसिपीच्या काठी सेंट जेनेव्हीव नावाचं छोटंसं गाव आहे. अमेरिकेची सरहद्द म्हटलं की सिनेमातली झोपडी डोळ्यांपुढे येते, आडव्या ओंडक्यांची. इथली सर्वांत जुनी घरं तशी नाहीत. त्यांचे ओंडके उभे, एकाशेजारी एक. मधल्या फटींत माती आणि गवत कालवून लिंपलेलं, वर चुना, आणि भोवती ऐसपैस ओसरी. मला तर आमच्या आजोळच्या कुडाच्या भिंती आठवल्या. ही घरं फ्रेंचांची. १७६२ मध्ये फ्रान्सने नदीच्या पश्चिमेचा मुलूख स्पेनला देऊन टाकला, तेव्हा राज्य स्पेनचं, बोली फ्रेंच, असा कारभार तिथे होता. अमेरिकेचा झेंडा आला तो १८०३ च्या लुईझियाना खरेदीनंतर. म्हणजे घरं आधीची, देश नंतरचा.

गाव मूळचं खाली, नदीच्या सखल गाळात होतं. १७८५ मध्ये प्रचंड पूर आला आणि लोक हळूहळू वरच्या जागेवर सरकले. आता गंमत ऐका. तिथे लुई बोल्दुक नावाच्या व्यापाऱ्याचं घर आहे. ते १७७० च्या सुमाराचं, जुन्या गावातून उचलून इथे आणलेलं, असं वर्षानुवर्षं सांगितलं जाई, छापलंही जाई. मग कुणीतरी लाकडालाच विचारलं! झाड दरवर्षी एक वलय वाढवतं. पावसाच्या साली रुंद, दुष्काळी साली अरुंद. ही रुंद-अरुंद वलयांची माळ त्या भागातल्या इतर जुन्या लाकडांशी जुळवून बघतात. सालीलगतचं शेवटचं वलय शाबूत असेल, तर झाड कधी तोडलं ते कळतं. बोल्दुकच्या तुळयांनी उत्तर दिलं १७९२-९३. घर एका झटक्यात वीसेक वर्षांनी तरुण झालं.

हे ऐकून मला हसू आलं आणि थोडी लाजही वाटली. मी तीसेक वर्षं इतिहास शिकवला. एकदा सातवीतल्या एका मुलीने विचारलं होतं, ‘बाई, हे साल कुणी मोजलं?’ मी म्हटलं, ‘पुस्तकात आहे ना, बस खाली.’ असो.

पण वलयांनाही सगळं सांगता येत नाही. गावाच्या कडेला अमुरो घर आहे, १७९२ चं. त्याचे देवदारासारखे लाल ओंडके पायाशिवाय थेट जमिनीत रोवलेले आहेत. दमट जमिनीत असं लाकड कुजायला कितीसा वेळ? म्हणूनच अशी घरं साऱ्या उत्तर अमेरिकेत जेमतेम पाचेक उरली आहेत, त्यांतली तीन या एका गावात. घर बांधणारे बोव्हे कुटुंब गुलाम बाळगणारं. गावातली शेती, मिठाची भट्टी, जवळपासच्या शिशाच्या खाणी, सगळीकडे गुलाम राबत. झाड तोडल्याचं साल मिळालं, कुऱ्हाड कुणाच्या हातात होती ते मिळालं नाही. पुढे १८५० च्या दशकात हे घर बेंजामिन अमुरोने घेतलं. त्याची बायको पेलाजी जन्माने गुलाम, १८३२ मध्ये मुक्त झालेली. तिने याच घरात छोटं दुकान चालवलं. पाटीवर मात्र आडनाव नवऱ्याचं. आपल्याकडेही वेगळं काय आहे म्हणा!

परतताना नदी ओलांडून काहोकियाला थांबलो. तिथलं कचेरीचं घर १७४० च्या सुमाराचं. आधी राहतं घर, १७९३ पासून न्यायालय. या घराने माझ्यापेक्षा जास्त प्रवास केला आहे. १९०१ मध्ये उतरवलं, १९०४ च्या सेंट लुईसच्या जागतिक मेळ्यात मांडलं, तिथून शिकागोच्या बागेत नेलं, आणि १९३९ मध्ये उरलेसुरले मूळ ओंडके घेऊन जुन्याच पायावर पुन्हा उभारलं. बाकीचे नवे.

नातवाने विचारलं, ‘आजी, मग हे तेच घर आहे का?’

‘बस खाली’ म्हणायची सोय नव्हती, बाकही नव्हता जवळ. मग आम्ही दोघांनी भिंतीशी उभं राहून कुठला ओंडका जुना, कुठला नवा ते ओळखायचा खेळ सुरू केला. लेक गाडीचा हॉर्न वाजवेपर्यंत माझे सहा झाले होते, त्याचे नऊ.