उंबऱ्याआत राहिलेली मुलं

डहाणू तालुक्यात मी अंगणवाड्यांची मुख्यसेविका होते. बोर्डी आणि कोसबाड माझ्या रोजच्या वाटेवरची गावं, त्यामुळे अंगणवाडीचा इतिहास मला पुस्तकांआधी पाड्यांवर ऐकायला मिळाला. 1945 साली बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक बोर्डीला आल्या आणि अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला. बालवाडी उघडली, पण गरीब वस्तीतली मुलं तिथवर येईनात. मग या दोघींनी शाळाच वस्तीत नेली, तीच अंगणवाडी. झाडाखाली, अंगणात आधी हातपाय धुवायचे, केस विंचरायचे, मग गाणी आणि खेळ. 1957 मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथे गुरांमागे फिरणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. मूल येऊ शकत नसेल तर शाळेनं त्याच्याकडे जायचं, ही या कामाची रीत होती.

या रीतीत ज्याची सोय आधी व्हायला हवी होती, ते अपंग मूल मागे राहिलं. याचं मला फार वाईट वाटतं, कारण ताराबाईंनी स्वीकारलेली माँटेसोरी पद्धत मुळात अशाच मुलांसोबत घडली होती. डॉ. मारिया माँटेसोरी 1900च्या सुमारास रोममध्ये बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांना शिकवत होत्या. खाचेत बसवायचे लाकडी दट्टे, बोटांनी गिरवायची खरखरीत अक्षरं ही साधनं त्या कामातून आणि त्याआधीच्या इटार्द व सेगँ या फ्रेंच डॉक्टरांच्या प्रयोगांतून आली. 1907 मध्ये त्यांनी गरीब वस्तीत बालगृह काढलं ते त्यानंतर. पुढे ती पद्धत गिजुभाई बधेका आणि ताराबाईंमुळे भावनगरला रुजली, तिथून बोर्डीला पोचली. महाग साधनांच्या जागी ताराबाईंनी शंख-शिंपले, बिया, पानं आणली. एवढ्या प्रवासात ज्यांच्यापासून सुरुवात झाली ती मुलंच गळाली.

ताराबाई 1973 मध्ये गेल्या. 2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या 33 प्रकल्पांत सुरू झाली आणि अंगणवाडी सरकारी झाली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, पोषण-आरोग्य शिक्षण, शालापूर्व शिक्षण आणि संदर्भ सेवा अशा सहा सेवा. अपंग मूल दिसलं की ते शेवटच्या सेवेत जायचं, म्हणजे चिठ्ठी लिहून पुढे पाठवायचं. तेव्हा आम्ही ठाणे जिल्ह्यात होतो. जिल्हा रुग्णालय शंभरेक किलोमीटरवर. चार वर्षांचं मूल कडेवर घेऊन आईनं पाडा उतरायचा, जीप, मग गाडी, आणि त्या दिवसाची मजुरी बुडवायची. कित्येक घरांत अशा चिठ्ठ्या कारवीच्या कुडात खोचलेल्या मी पाहिल्या आहेत.

एका पाड्यावर मान न सावरणारी मुलगी होती. आई चिकूच्या वाडीत कामाला, मुलगी दिवसभर घोंगडीवर आडवी. तिथली सेविका मला म्हणाली, "मॅडम, वजन घेईन मी हिचं. पण हिला बसवायची कशी?" आमच्या प्रशिक्षणात ते कुणी शिकवलं नव्हतं. एका फिजिओथेरपिस्टला विचारून गावच्या सुताराकडून कोपऱ्यात टेकायची बुटकी बैठक करून घेतली, बाजूंना तुसाच्या उशा. खिचडी मऊ कालवून, तिला ताठ बसवूनच भरवायची, कारण आडवं भरवलं तर घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. मदतनीस हे दोन दिवसांत शिकली. मुलगी अंगणवाडीत येऊ लागली, इतर मुलं तिच्याकडे चेंडू सोडू लागली आणि तिच्या आईला अर्धा दिवस निर्धास्तपणे कामावर जाता आलं.

हे एका पाड्याचं दुखणं नव्हतं. मुंबईत 1972 मध्ये स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया ही अपंग मुलांसाठीची संस्था उभारणाऱ्या डॉ. मिथू अलूर यांनी आपल्या संशोधनात दाखवून दिलं, की 'सर्व मुलांसाठी' म्हणवणाऱ्या बालविकास योजनेतून अपंग मुलं प्रत्यक्षात वगळली जात होती. कायद्यातही फट आहे. शिक्षण हक्क कायदा सहाव्या वर्षापासून लागू होतो. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यातला मोफत शिक्षणाचा हक्कही सहा ते अठरा वयाचा. मेंदू सर्वांत वेगानं घडतो ती पहिली सहा वर्षं हक्काबाहेर राहतात.

2013 च्या फेब्रुवारीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात आमच्याच भागातून, पालघरहून झाली. डॉक्टरांचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन मुलं तपासू लागलं. पुढच्या वर्षी पालघर वेगळा जिल्हा झाला. नोव्हेंबर 2023 मध्ये केंद्र सरकारनं दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडीची कार्यपद्धती जाहीर केली. लक्षणं ओळखणं, मुलाला सामावून घेणं, कुटुंबाला बळ देणं आणि पुढे पाठवणं हे सगळं आता सेविकेच्या कामात लेखी आलं आहे. मात्र अंगणवाडीत माणसं दोनच, एक सेविका आणि एक मदतनीस. ज्या अंगणवाडीत असं मूल आहे तिथे तिसरी बाई नेमा, आणि तिला कागदावर नव्हे, मुलाला हातात घेऊन शिकवा, ही माझी मागणी आहे. त्या पाड्यावरच्या मदतनीसला तेवढं शिकवणंच पुरलं होतं.