वाघोबाशी करार कोणी केला?

आज आपण जव्हारच्या जंगलाबद्दल, तिथल्या वाघाबद्दल आणि तिथे येणाऱ्या पाहुण्यांबद्दल बोलणार आहोत. पालघर-बोईसरकडच्या बायांना जव्हार काही नवीन नाही. कुणाचं माहेर तिकडे, कुणाची सोयरीक तिकडे. मनोर, विक्रमगड मागे टाकून घाट चढला की हवा बदलते. गाव सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर आहे आणि पावसाळ्यात ढग रस्त्यावर उतरतात. म्हणूनच लोक त्याला पालघरचं महाबळेश्वर म्हणतात. आता शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते. दाभोसा धबधबा, हनुमान पॉइंट, सनसेट पॉइंट, शिरपामाळ, राजवाडा, सगळीकडे गर्दी. पाड्यापाड्यांवर बाया एकच प्रश्न विचारतात: यात आपलं काय? याचं उत्तर शोधायला आपल्याला थोडं मागे जावं लागेल. या जंगलाबद्दल आजवर कोणी कोणाशी काय काय ठरवलं, ते पाहावं लागेल.

सगळ्यात जुना करार वाघाशी झाला. वारली लोकांत वाघोबाची एक गोष्ट सांगतात. ती बऱ्याच रूपांत सांगतात, त्यातलं हे एक. एका बाईला लग्नाआधीच दिवस गेले आणि मुलगा झाला. तो दिवसा माणूस असे, रात्री वाघ होई. गावातली गुरं मरायला लागली, लोक चिडले. तेव्हा ती आईच मधे पडली. मुलाला म्हणाली, तू रानात राहा, गावात येऊ नकोस. गावाला म्हणाली, तुम्ही याला ठाणं द्या आणि वर्षातून एकदा मानपान करा. दोघांनीही ऐकलं. म्हणून आजही पाड्याच्या वेशीवर लाकडात किंवा दगडात कोरलेला वाघोबा असतो, वर चंद्र-सूर्य असतात, शेंदूर लावलेला असतो. दिवाळीच्या तोंडावर, बाकीचे लोक वसुबारस करतात तेव्हा, आपल्याकडे वाघबारस होते. नारळ, कोंबडी दिली जाते आणि गुरांची, माणसांची राखण मागितली जाते.

ही गोष्ट नीट ऐकली तर लक्षात येतं, की हा करार एका बाईने केला, आणि तोही जिला गावात मान नव्हता अशा बाईने. तिने वाघाला मारायला सांगितलं नाही आणि गावालाही उठून जायला सांगितलं नाही. दोघांच्या हद्दी ठरवल्या. पालघर, ठाणे आणि मुंबई उपनगरातल्या वाघोबाच्या ठाण्यांचा अभ्यास करून संशोधकांनी २०२१ साली लेख लिहिला, त्यातही हेच सांगितलं आहे: बिबट्याच्या शेजारी राहताना नुकसान होतं, भीतीही असते, पण या श्रद्धेमुळे लोकांना ते सोसायची एक रीत मिळाली आहे. आपल्याकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात, त्यामुळे मान दोघांचाही राहिला.

दुसरा करार जमिनीचा. १८८२ सालच्या ठाणे गॅझेटिअरमध्ये जव्हारची एक दंतकथा नोंदवली आहे. तेव्हा या भागावर वारली नायक होता. एका कोळी सरदाराने त्याच्याकडे बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली. नायक हो म्हणाला. सरदाराने कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या, त्या एकापुढे एक जोडल्या आणि त्यांच्या घेरात सगळं जव्हार घेतलं. खरं-खोटं देवाला ठाऊक, अशा गोष्टी जगात इतरही ठिकाणी सांगतात. पुढे मुकणे घराण्याचं राज्य आलं. १३४३ साली दिल्लीच्या सुलतानाने नेमशहाला राजा म्हणून मान्यता दिली, असा इतिहास सांगतात. १९४८ साली विलीन होईपर्यंत हे आदिवासी राजघराण्याचं संस्थान टिकलं, ही अभिमानाचीच गोष्ट आहे. पण कातड्याची गोष्ट ध्यानात ठेवा. हो म्हणण्याआधी मोजमाप कसं होणार हे विचारलं नाही, तर थोडक्या शब्दांत फार मोठं काही हातचं जातं.

तिसरा करार झालाच नाही, नुसता हुकूम आला. संस्थानाच्या हद्दीबाहेर, म्हणजे आजच्या पालघर, डहाणू, वाड्याकडे इंग्रजांचा अंमल होता. १८६४ साली मुंबई-सुरत रेल्वे सुरू झाली. रुळांखाली लाकडी फळ्या लागतात, मुंबईत घरं बांधायला साग लागतो. जंगल म्हणजे लाकडाचं कोठार झालं. १८७८ च्या वन कायद्याने जंगलं राखीव झाली. भाताची आणि नागलीची रोपं टाकण्याआधी आपण राब भाजतो. त्यासाठी फांद्या, पालापाचोळा लागतो, आणि तो गोळा करायचं काम बहुतेक बायांचंच. त्यावर बंधनं आली. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत तक्रारी इतक्या वाढल्या, की सरकारला १८८५ साली त्यांची चौकशी करायला वन आयोग नेमावा लागला. राबासाठी फांदी तोडणारी बाई गुन्हेगार ठरली आणि अख्खं रान कापणारा ठेकेदार परवानाधारक.

वाघाचंही तसंच झालं. ज्याला आपण ठाणं दिलं, त्याला मारणाऱ्याला इंग्रज सरकार बक्षीस देऊ लागलं. साहेब आणि संस्थानिक यांच्यात शिकार ही शान होती. एकीकडे रान कमी झालं, भेकर-सांबर कमी झाली, दुसरीकडे बंदुका वाढल्या. आज पालघरच्या रानात पट्टेरी वाघाची वस्ती नाही. तो उरला तो वेशीवरच्या लाकडात. बिबट्या मात्र राहिला, कारण तो थोडक्यात भागवतो, ससा, कोंबडी, कुत्रं खाऊनही जगतो आणि लपून राहतो.

रान तोडायचं काम आपल्याच माणसांकडून करून घेतलं जाई. वेठबिगारीत, नाहीतर फुटक्या मजुरीत. १९४५ साली गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्याबरोबर तलासरी, डहाणूकडचे वारली उठले. वेठबिगार संपली पाहिजे ही पहिली मागणी होती. मग गवत कापायच्या आणि जंगलतोडीच्या मजुरीसाठी संप झाले. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाड्याला गोळीबार झाला आणि माणसं गेली. त्या लढ्यात बायाही होत्या. रानातल्या कामाचा भाव काम करणाराही ठरवू शकतो, हे त्या लढ्याने दाखवलं.

स्वातंत्र्यानंतर जंगल राखायची भाषा आली. तिचं एक कारण पाणी. मुंबईला पाणी देणारं तानसा धरण १८९२ सालचं. पुढे वैतरणेवर मोडकसागर, अप्पर वैतरणा आणि २०१४ साली मोखाड्यात मध्य वैतरणा झालं. मुंबईचा नळ आपल्या डोंगरावर पडणाऱ्या पावसावर चालतो, आणि पाणी मुरतं ते जंगलात. १९७० साली तानसा अभयारण्य झालं, १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला, २००३ साली वसईजवळ तुंगारेश्वर अभयारण्य झालं. बिबट्याला मारणं हा मोठा गुन्हा ठरला. डहाणू तालुका तर १९९१ सालीच पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक म्हणून जाहीर झाला आणि तिथे कारखान्यांवर बंधनं आली. शेजारीच बोईसर-तारापूरला चित्र उलटं आहे. तिथे १९६९ पासून अणुवीज केंद्र आहे आणि मोठी औद्योगिक वसाहत आहे. डोंगरातली माणसं दिवाळीनंतर वीटभट्टीवर, नाक्यावर, कंपनीत जगायला जातात. जंगल राखलं, पण जंगलात राहणाऱ्याचं पोट राखायचं राहून गेलं.

या कायद्यांचा गुणही मान्य केला पाहिजे. रानपिंगळा नावाचं एक लहानसं घुबड आहे. १८८४ नंतर ते कुणाला नक्की दिसलं नव्हतं, संपलंच असं धरलं होतं. ११३ वर्षांनी, १९९७ साली, ते नंदुरबारकडे शहाद्याजवळ पुन्हा सापडलं, आणि २०१४ साली आपल्या तानसाच्या रानात दिसलं. त्याला सागाचं मोकळं रान लागतं आणि घरट्यासाठी जुन्या झाडाची ढोली लागते. घुबड अपशकुनी म्हणून दगड मारणारे आपल्यातही आहेत. ते पाहायला लोक दुरून येतात, हे पोरांना सांगायला हवं.

मग २००६ साली वनहक्क कायदा आला आणि पहिल्यांदा लिखित करारात बाईचं नाव आलं. यातल्या चार गोष्टी पाठ करून ठेवा. नवरा-बायको असतील तर वनजमिनीचा पट्टा दोघांच्या नावे होतो. गावच्या वनहक्क समितीत किमान एक तृतीयांश बाया असायलाच हव्यात. या हक्कांच्या कामासाठी भरलेल्या ग्रामसभेत हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया नसतील, तर सभेची गणसंख्या पुरी होत नाही. आणि सामूहिक वनहक्क मिळाला की जंगल, पाण्याचे झरे, वन्यप्राणी राखायचा अधिकार ग्रामसभेला मिळतो. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने २००९ साली असा हक्क मिळवला आणि आपल्या बांबूचा कारभार आपल्या हाती घेतला.

आता पाहुण्यांकडे येऊ. पर्यटनाचा करार अजून लिहून व्हायचा आहे. तो कातड्याच्या गोष्टीसारखा होऊ नये, एवढंच आमचं म्हणणं आहे. यासाठी आपल्या घरातलाच एक धडा आहे. लग्नात भिंतीवर चौक लिहायचं काम सवाशिणींचं होतं, गाणं म्हणणारी धवलेरीही बाईच. १९७० नंतर चित्र कागदावर आलं, बाजारात गेलं. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ते जगभर नेलं, त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, याचा आपल्या सगळ्यांना आनंदच आहे. पण भिंतीवर ज्यांचा हात होता, त्या बायांची नावं बाजारात फारशी गेली नाहीत. पर्यटनातही जेवण आपण रांधायचं, अंगण आपण सारवायचं, तारप्यावर फेर आपण धरायचा आणि पैसा मधल्या माणसाकडे जायचा, असं होऊ शकतं.

रानाचंही तसंच. मे संपता संपता, पहिल्या पावसाआधी झाडं काजव्यांनी भरतात. काजव्यांच्या बऱ्याच जातींत मादी गवतात, झुडपात बसते आणि नराचा उजेड पाहून उजेडानेच उत्तर देते. गाडीचा दिवा आणि मोबाइलची बॅटरी पडली की त्यांची चुकामूक होते, पायाखाली चिरडतात ते वेगळंच. भंडारदऱ्याकडे काजवे पाहायला इतकी गर्दी झाली, की वनविभागाला रात्रीच्या गाड्यांवर नियम घालावे लागले. आपल्याकडे ती वेळ येण्याआधीच नियम करता येतील. दाभोसा सुमारे ३०० फुटांवरून कोसळतो. दाभोसा काय, काळमांडवी काय, पावसात तिथे तरुण पोरं बुडाल्याच्या बातम्या येतात आणि प्रशासनाला बंदी घालावी लागते. कुठल्या दगडावर शेवाळ असतं, पाणी किती वेळात चढतं, हे पाड्यावरच्या माणसाला ठाऊक असतं. पाहुण्याबरोबर गावचा माणूस किंवा गावची बाई वाटाड्या म्हणून असेल, तर पाहुणा वाचतो आणि मजुरीही गावात राहते.

तेव्हा बचत गटाच्या बैठकीत या गोष्टी बोलायला घ्या. एक, सूर्य मावळल्यावर रानात गाडी आणि दिवा नाही. दोन, प्लास्टिक आणि बाटली वेशीवरच ठेवायची. तीन, जेवणाचा दर गटाने ठरवायचा, नागलीची भाकरी, शेवळं, करटोली यांना हॉटेलच्या पनीरपेक्षा कमी लेखायचं नाही. रानभाजी मात्र मुळासकट उपटायची नाही, पुढच्या वर्षाला ठेवायची. चार, वाघोबाच्या ठाण्याचे फोटो काढायचे की नाही, हे गाव ठरवेल. पाच, बिबट्याने शेळी नेली तर लगेच वनविभागाला कळवून पंचनामा करून घ्यायचा. भरपाई हा आपला हक्क आहे, तो घेतला म्हणजे रागाने कुणी विष घालत नाही. सहा, पाहुण्यांकडून येणाऱ्या पैशाचा हिशेब ग्रामसभेत वाचायचा, बाया समोर बसलेल्या असताना.

यातलं काही नवीन नाही. हद्द ठरवणं, मान ठरवणं, दोघांनाही जगता येईल असं बघणं, हे त्या गोष्टीतल्या आईने केलंच होतं. तिच्यापाशी कायदा नव्हता, आपल्यापाशी आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर, या दिवसांच्या ग्रामसभा ठरलेल्या असतात. त्यातली जी पुढची येईल तिला गटातल्या सगळ्या जणी जा, उशिरा जाऊन मागे उभ्या राहू नका, आणि पर्यटनाचा विषय कागदावर लिहून आधीच ग्रामपंचायतीकडे द्या. काय ठरलं ते आम्हाला कळवा. पुढच्या भागात ते सगळ्यांना ऐकवू.